कयाधूच्या वाळूत शिकलेला ट्रक

रोज सकाळी, चहाच्याही आधी, मोहनसिंग राठोड ट्रकचं कपाळ खाजवत.

ट्रकला कपाळ असतं हे आम्हा पुसेगावच्या पोरांना त्यांच्यामुळेच कळलं. बॉनेटच्या मधोमध रंग उडून पत्रा उघडा पडला होता, तिथं ते चार बोटं वाकवून सावकाश खाजवत. बैलाला शिंगांच्या मुळाशी खाजवतात तसं. मग "चल, ऊठ" म्हणून चावी लावायला वर चढत. रंग आधी उडाला की खाजवून खाजवून उडाला, यावर तांड्यात दोन मतं होती. त्यांच्या बायकोला, बेबीबाईंना, त्या वादात रस नव्हता. "माही पाठ खाजवा म्हणलं की यांचा हात दुखतो," एवढंच त्या सांगत.

तांडा आमच्या गावाला लागूनच होता. तिथल्या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखांतून फिरत. त्या फिरण्याला ते लदेणी म्हणत. मोहनसिंगांनी लदेणी पाहिलेली नव्हती, त्यांच्या वडलांनीही नव्हती. पण मोहनसिंग तिच्याबद्दल असे बोलत की कालच बैल सोडून, हातपाय धुऊन जेवायला बसले असावेत. कुठला बैल पुढं चालायचा, कुठला रुसायचा, हे सगळं त्यांना माहीत. बैल मात्र घरात एकही नव्हता. होता तो ट्रक.

परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्या वर्षी त्यांनी तो घेतला. तोवर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या होत्या. धरणाच्या कामावरची ही परदेशी बनावटीची गाडी लिलावात निघाली, आणि हिच्याकडं कुणी बघत नाही हे पाहून मोहनसिंगांनी बघितलं. जिल्हा बदलला तरी तिच्या नंबराची पाटी परभणीचीच राहिली. "सासरी आली पण माहेरचं नाव सोडीना," असं माझे आजोबा अमृतराव म्हणायचे.

आजोबांची हळद याच ट्रकमधून हिंगोलीच्या मोंढ्यात, बाजारात विकायला जाई. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे, आणि एकमेकांशी सरळ बोलणं दोघांनाही जमत नसे.

घरात मोहनसिंगांना फारसं कुणी विचारत नव्हतं. कांदे आणा, शेळी सोडा, जरा सरकून बसा, असा सगळा कारभार. ट्रकच्या सीटवर चढले की मात्र खाली उभी असलेली माणसं मान वर करून विचारत, मोहनभाऊ, कवा निघायचं? आज भाव निघंल का? आभाळाचं काय दिसते? आजोबांच्या मते जमिनीपासून पुरुषभर उंच बसलं की कोणीही शहाणा दिसतो. ते खरंही असेल. पण त्या उंचीवर बसलेल्या मोहनसिंगांचा चेहरा मला आठवतो. खाटेवर बसलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता.

या ट्रकला पॉवर स्टेअरिंग होतं, आणि तेही साधं नव्हे. गाडी हळू असली की चाक लोण्यासारखं फिरे. वेग वाढला की आपोआप जड होई, म्हणजे भरधाव गाडी हातातून सुटायला नको. पहिली दोन वर्षं मोहनसिंगांनी त्याचं इतकं कौतुक केलं की ऐकणारे रस्ता बदलत. "तिला कळते," ते सांगत. "कवा ऐकायचं अन् कवा अडून बसायचं, सगळं कळते तिला."

मग तिला कळेनासं झालं. वेग ओळखणारी कुठलीशी झडप बिघडली. मोंढ्यात, गर्दीत, चाक दगडासारखं जड होऊ लागलं, आणि मोकळ्या रस्त्यावर, भरल्या गाडीत, पिसासारखं हलकं. एके दिवशी नरसीच्या पुढं मोहनसिंगांना शिंक आली. एक शिंक, आणि ट्रक रस्ता सोडून तुरीच्या पिकात. शेजारी आजोबा बसलेले. धूळ बसल्यावर ते म्हणाले, "मोहन्या, दुसरी शिंक येऊन राहिली असंल तर सांग. मी उतरतो."

हिंगोलीला डेपोच्या मागं जिलानीभाईंचं गॅरेज होतं. जिलानी मिस्त्रींनी गाडीखाली जाऊन पाहिलं, बाहेर आले, हात पुसले.

"मोहनभाई, इसका सामान इधर नहीं मिलता. मुंबई में भी नहीं मिलता. दो रास्ते हैं. एक, ये स्टेअरिंग का पूरा बॉक्स निकालके साधा बॉक्स डालो. मेरे पास एक पडा है, औंढा रोड पे जो गाडी उलटी थी ना, उसका. एकदम बराबर बैठेगा."

"त्या उलटलेल्या गाडीचा?"

"गाडी उलटी थी. बॉक्स को क्या हुआ?"

मोहनसिंग उठून उभे राहिले. "जिलानी, आमच्यात मेलेल्या बैलाची येसण जित्या बैलाच्या नाकात घालत न्हाईत. लदेणीपासून चालत आलंय. दुसरा रस्ता सांग."

"ये बैल नहीं है, भाई. इसकू नाक किधर है?"

"तुला दिसत न्हाई. मला दिसते."

दुसरा रस्ता सोपा होता आणि वाईट होता. पंपाचा पट्टा काढायचा, तेलाचे दोन्ही पाइप एकमेकांना जोडून द्यायचे, आणि बॉक्स तसाच ठेवायचा. पॉवर बंद. जिलानीभाईंनी परोपरीनं समजावलं. साध्या बॉक्सात चाक खूप फिरवावं लागतं, पण जोर कमी लागतो. पॉवरच्या बॉक्सात चाक थोडंच फिरवायचं असतं, कारण जोर पंप लावतो. पंपच बंद केला तर तो सगळा जोर माणसाच्या खांद्यातून काढावा लागेल. "पहाड हो जाएगा," ते म्हणाले.

"जिसका कासरा हलका, वो बैल अपना नहीं," मोहनसिंगांनी त्यांच्याच भाषेत सुनावलं, आणि पट्टा काढून घरी घेऊन आले. बेबीबाईंनी तो शेळी बांधायला घेतला.

पहाड झालाच. चालत्या गाडीत कसंबसं वळे. उभ्या गाडीत चाक हलवायचं तर मोहनसिंग सीटवरून अर्धे उठत, दात आवळत, आणि मग गाडी नको तेवढी वळे. वळण संपलं की चेहऱ्यावर हसू आणत. कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं. नवा गोऱ्हा जुंपला की पहिला हंगाम जडच जातो. मान मोडली की मऊ पडतो.

"अरे, तुझी मान मोडंल आदी," आजोबा म्हणत.

खरी अडचण मोंढ्याच्या गेटात होती. गल्ली अरुंद, एका बाजूला उघडी नाली, दुसऱ्या बाजूला चहाची टपरी, आणि गेट काटकोनात. मोहनसिंगांची ख्याती या गेटावर होती. दुसरे ड्रायव्हर पुढं-मागं करत हमालांच्या शिव्या खात, आणि हे भरला ट्रक एका दमात आत घालत. हमाल चहा सोडून बघत. आता मात्र त्यांनाही पुढं-मागं करावं लागे. सोयाबीनच्या दिवसांत एकदा स्टेअरिंग वेळेवर फिरलंच नाही. मागच्या कोपऱ्यानं टपरीचा खांब पाडला, आणि खांबाला टेकून बिडी ओढणारा एक हमाल उडी मारून नालीत पडला. तो चिखलातून उठून सगळ्यांच्या आधी हसला, म्हणून विषय तिथं मिटला.

घरी मिटला नाही. रणजीत, त्यांचा मुलगा, सेनगाव-हिंगोली काळी-पिवळी जीप चालवायचा. त्याला मोंढ्यातली बातमी बाप घरी पोचायच्या आधी कळली होती. बापापुढं सहसा तोंड न उघडणारा पोरगा त्या संध्याकाळी दारात उभा राहिला.

"बापू, आज तो नालीत पडला. उद्या चाकाखाली येईल."

"आला का?"

"येईल म्हणून राहिलो. तुमचा खांदा गेला. शर्टाच्या बाहीत हात जात न्हाई तुमचा, याडी घालून देते. दिसते मला."

याडी म्हणजे आई. मोहनसिंगांनी बेबीबाईंकडं पाहिलं. बेबीबाई चुलीकडं पाहत होत्या.

"रामनवमीनंतर हळदीचा पहिला फेरा हाय," रणजीत म्हणाला. "मोंढ्याच्या गेटात पहिल्यासारखी एका दमात गाडी घातली, तर तुमी ड्रायव्हर. जलमभर काही बोलणार न्हाई. न्हाई जमलं तर चावी माझ्याकडं द्यायची, अन् तुमी बाजूला बसायचं."

"बाजूला?"

"न्हाई तर घरी बसा."

मोहनसिंगांनी खिशातली चावी चाचपली. मग म्हणाले, "मंजूर." आणि नंतर, थोड्या मोठ्यानं, "पण गोऱ्ह्याला शिकवायला मला थोडे दिवस पाहिजेत."

गोऱ्हा कसा शिकवतात हे आमच्याकडं कुणालाही सांगायला नको. मानेवर जू ठेवायचं, मागं लाकडाचा ओंडका बांधायचा आणि नदीच्या वाळूत फिरवायचा. वाळूत पाय रुततात, अंगातली मस्ती जिरते, आणि आठवड्याभरात तो कासऱ्याच्या इशाऱ्यावर वळू लागतो. मोहनसिंगांनी फाल्गुनातल्या एका सकाळी ट्रकचं कपाळ खाजवलं आणि गाडी कयाधूच्या कोरड्या पात्रात उतरवली.

मागं ओंडका बांधला नव्हता, एवढं शहाणपण त्यांच्यात होतं. बांधला होता, पण तो पहिल्याच उतारावर सुटला, असं आजोबांचं म्हणणं.

वाळूत ट्रक डावीकडं वळवायचा, उजवीकडं वळवायचा, पुन्हा डावीकडं. मोहनसिंग आतून "हो हो हो" करत होते. काठावर गर्दी जमली. शेळ्या राखणाऱ्यांनी शेळ्या सोडल्या. धुणं घेऊन आलेल्या बायका, पाणी कुठं आहे ते विसरून, बसून राहिल्या.

"मोहन्या!" आजोबा काठावरून ओरडले. "वैरण टाक तिला. उपाशी जनावर शिकत न्हाई!"

"शिकून राहिली, पाटील! बघा, कान टवकारले!"

"आरसा हाय तो!"

तिसऱ्या की चौथ्या वळणाला पुढची चाकं वाळूत आडवी रुतली. मोहनसिंगांनी सगळा जोर लावून चाक सरळ करायचा प्रयत्न केला. चाक हललं नाही. ते तसेच थांबले, दोन्ही हात स्टेअरिंगवर, मान खाली. काठावरचं हसू हळूहळू बंद झालं. आजोबा सांगत, त्या दिवशी पहिल्यांदा मोहनसिंग ट्रकमधून खाली उतरले तेव्हा डाव्या हातानं उजवा हात धरून उतरले.

शेवटी आजोबांचीच बैलजोडी आणली. बैलांनी दोन हिसक्यांत ट्रक बाहेर ओढला आणि शेपटी हलवत उभे राहिले. आजोबांना राहवलं नाही. "मोहन्या, शिकवायला कोण आलतं अन् शिकवून कोण गेलं?"

एरवी अशा बोलण्याला मोहनसिंगांकडं तीन उत्तरं असत. त्या दिवशी त्यांनी बैलांच्या अंगावरून नुसता हात फिरवला, डावा.

त्यानंतर बेबीबाई रोज रात्री हळद-तेल गरम करून त्यांचा खांदा चोळत, आणि चोळता चोळता टोमणे मारत. पण टोमणे मारताना त्यांचा हात हळू होता. नवऱ्याची त्यांना पुरती ओळख होती. चावी दिली तर हा माणूस बाजूला बसणार नाही, घरी बसेल. आणि घरी बसला तर आधी दिवसभर बडबडेल, मग बडबड बंद करेल. पहिलं सोसवलं असतं. दुसऱ्याची त्यांना भीती वाटली.

रामनवमीच्या आधी तांड्यातली मंडळी जीप भरून पोहरादेवीच्या यात्रेला निघाली. दरवर्षी जात. मोहनसिंगही निघाले. कपडे बांधून देताना बेबीबाई सहज म्हणाल्या, "गाडी उभीच हाय तर रणजीत ग्रीसिंग करून आणंल."

"आणू दे. पण पट्टा-बिट्टा काही लावू नको म्हणावं जिलानीला."

"पट्ट्यानं शेळी बांधलीय," बेबीबाई म्हणाल्या. "शेळी सोडून कोण लावतंय?"

जीप नजरेआड झाली, तशा त्या रणजीतच्या शेजारी ट्रकमध्ये चढल्या आणि हिंगोलीला जिलानीभाईंच्या गॅरेजवर आल्या. आयुष्यात पहिल्यांदाच. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"भाऊ, तुमी यांना लय समजावलं म्हणतात."

"बहुत समझाया, भाभी. सुनते किधर?"

"आता त्यांना समजावायचं सोडा. गाडीला समजवा. तो साधा बॉक्स बसवा."

जिलानीभाई घुटमळले. "वो मेलेल्या बैल का... नाराज हुए तो?"

"नाराज झाले तर घरी माझ्यावर होतील. तुमच्यावर काहून होतील?" बेबीबाई म्हणाल्या. "अन् बॉक्स धुऊन घ्या. नारळ मी आणलाय."

नारळ फुटला. उलटलेल्या गाडीचा बॉक्स मोहनसिंगांच्या ट्रकमध्ये बसला. जिलानीभाई कसबी होते, आणि घाबरलेलेही होते. मोहनसिंगांना रोज गाडीखाली वाकून बघायची सवय, म्हणून त्यांनी नव्या बॉक्सवर जुनं काळं ग्रीस चोपडलं, आणि त्यावर चिखल थापला. रणजीतनं कुणाला न सांगायची शपथ घेतली. नारळाचं खोबरं तिघांनी तिथंच खाऊन टाकलं, घरी नेलं तर विचारणा झाली असती.

मोहनसिंग यात्रेहून आले. दुसऱ्या दिवशी पहाटे आजोबांच्या हळदीची पोती ट्रकमध्ये भरली. मोहनसिंग सीटवर चढले; शेजारी आजोबा आणि त्यांच्यापलीकडं रणजीत. दारात बेबीबाई उभ्या होत्या. गाडी सुरू झाली, अंगणातून वळली. वळताना मोहनसिंगांचे हात स्टेअरिंगवर फिरले, फिरले, आणखी फिरले. आधी जिथं पाव फेरा लागे तिथं आता बराच फेरा. जोर मात्र लागला नाही. खांदा वर उचलला गेला नाही.

गाडी थांबली. बेबीबाईंनी पदर दातांत धरला.

मोहनसिंगांनी खिडकीतून डोकं काढलं. एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा पलीकडं रणजीतकडं, जो समोर कडुनिंबात काहीतरी फार महत्त्वाचं बघत होता. मग ते म्हणाले, "बघितलं? वळण लागलं. वाळूनं काम केलं."

खाली उतरून वाकून काही त्यांनी पाहिलं नाही.

मोंढ्याच्या गल्लीत गाडी आली तेव्हा रणजीत आधीच उतरून गेटाशी जाऊन उभा राहिला. टपरीचा खांब नवा होता. हमालांनी टपरीपासून चार हात लांब उभं राहून चहा घेतला. मोहनसिंगांनी गाडी नालीच्या कडेनं घेतली, थांबवली, आणि मग त्यांचे हात चालू झाले. दळणाच्या जात्यासारखं चाक फिरत होतं, एका हातातून दुसऱ्या हातात, घाई नाही, खंड नाही. हळदीनं वाकलेला तो जुना ट्रक गेटाच्या दोन्ही खांबांमधून वीतभर जागा सोडत आत गेला आणि एका दमात फलाटाला लागला. टपरीजवळ कुणीतरी शिट्टी मारली. नालीत पडलेला हमाल होता तो.

रणजीत चावी घ्यायला म्हणून आलेला नव्हता, असं नंतर सांगायचा. पण आजोबांनी त्याचा पुढं आलेला हात खिशात परत जाताना पाहिला होता. "आणि त्या पोराच्या तोंडावर," ते म्हणत, "बापापेक्षा जास्त आनंद."

त्यानंतर मोहनसिंगांना आवरणं कठीण झालं. हिंगोलीपासून जवळा बाजारापर्यंत कुठल्याही ड्रायव्हरनं जड स्टेअरिंगची तक्रार केली की ते सांगत, गाडी शिकवावी लागते, नदीच्या वाळूत न्या. एकानं खरंच नेली. त्याला काढायलाही आजोबांचेच बैल लागले. जिलानीभाईंच्या गॅरेजवर ही कथा मोहनसिंग स्वतः सांगत तेव्हा जिलानीभाई गाडीखाली जात, हसू दिसू नये म्हणून. बेबीबाई मान डोलावत. सगळा तांडा, सगळं पुसेगाव आणि अर्धा मोंढा खरं काय ते जाणून होता, आणि कुणीही त्यांना कळू दिलं नाही. आमच्या गावात इतकी वर्षं टिकलेलं हे एकच गुपित.

त्यांनी चावी दिली ती पुढं काही वर्षांनी, आणि आपणहून. डोळ्याला अंधारी यायला लागली होती. एका सकाळी कपाळ खाजवून झालं, आणि ते उजवीकडच्या दाराशी न जाता डावीकडच्या दारातून चढले. रणजीत बघतच राहिला. "चल की," ते म्हणाले, "बैल उभे करून ठेवलेस काहून?" बाजूला बसूनही ते बडबडतच राहिले. बेबीबाईंचा जीव त्यानं भांड्यात पडला.

दोन हजार नऊच्या हळदीच्या दिवसांत ते खाटेला लागले. फार दुखणं नव्हतं. अंगातलं बळ ओसरत गेलं. शेवटच्या दिवशी सकाळी आजोबा जवळ बसले होते, बेबीबाई पेज पाजत होत्या. दुपारी झोपेतच मोहनसिंग गेले. पण त्याआधी, त्या सकाळी, रणजीत ट्रक घेऊन हिंगोलीला निघाला होता आणि निरोप घ्यायला खाटेशी आला. मोहनसिंगांनी डोळे उघडले.

"जिलानीकडं थांबशील तर त्या साध्या बॉक्सात तेल बघाय सांग," ते म्हणाले. "औंढ्याच्या गाडीचा बसवलाय तवापासून कोरडाच फिरून राहिला असंल. मला बोलायची सोय न्हवती."